सव्वाअकराची फेरी

मामा गेले त्याला चार महिने झाले होते, तेव्हा मला कळलं की ते अजून रोज आमच्या सर्व्हरवर येतात.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे असं सरळ बोललेली नाही. ऑफिसात बोलले असते तर मला आठवडाभराची रजा घ्यायला लावली असती, आणि नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने संध्याकाळीच नारळ ओवाळून टाकला असता. पण सर्व्हरवर कोण आलं, कधी आलं, किती वेळ थांबलं याची नोंद मशीन स्वतः ठेवतं, आणि त्या नोंदीत मामा होते. सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटांनी आले, तीन मिनिटं थांबले, गेले. आदल्या दिवशी अकरा सतराला. त्याच्या आदल्या दिवशी अकरा बाराला. चोर असा नेमाने येत नाही, आणि घड्याळाला बांधलेलं काम असं दोन-चार मिनिटं मागेपुढे होत नाही. माणूसच असा येतो.

म्हैसुरात हेब्बाळला, कारखान्यांच्या ओळीत एका पहिल्या मजल्यावर आमची होस्टिंगची छोटी कंपनी आहे. लोकांच्या वेबसाइटी आणि मेल आमच्या मशीनवर राहतात. म्हणजे चाळ आमची आणि भाडेकरू ते. मी त्या चाळीची वॉचमन, प्लंबर आणि शिव्या खाणारी. साइट बंद पडली की फोन मला येतो, आणि साइट चालू असते तेव्हा मी जगात आहे हे कुणाला ठाऊकही नसतं. नवऱ्याच्या नोकरीपायी मी कऱ्हाडहून इथे आले. हे काम मला शिकवलं ते मामांनी. माझे सख्खे नव्हेत, ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणायचे.

मामा इथले जुने मराठी. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत होते, घर चामराजपुरमला. माझं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले, "अय्यो, तू पुस्तकासारखं बोलतेस की. सुम्ने सरळ बोल गं." त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं. सुम्ने म्हणजे नुसतं, सरी म्हणजे ठीक, अष्टे म्हणजे इतकंच, हे मी त्यांच्याकडून शिकले. त्यांचा एक नियम होता. जो कुणी सर्व्हरला हात लावेल त्याने त्याच सर्व्हरवरच्या एका फायलीत एक ओळ लिहायची, काय केलं ते. त्या फायलीला ते वही म्हणायचे. "डॉक्टर पेशंटच्या उशाशी लिहून ठेवतो ना? तसं. दुसऱ्या डॉक्टरला समजायला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

आणि रोज सव्वाअकराला त्यांची काफी असे. घरून स्टीलच्या थर्मासमधून यायची. पेल्यात ओतून पहिला घोट घेतला की म्हणायचे, "फेरी झाली. सगळं बघितलं, सरी आहे." सगळ्या सर्व्हरवरून ते दिवसातून एकदा अशी फेरी मारतात, हे मालकापासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ते फेरी कधी मारतात हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझ्या डोळ्यांदेखत तर त्यांच्या हातात पेला असायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत, मामा गेले. सोमवारी मालकांनी मला बोलावून सांगितलं की मामांचं खातं बंद कर, हा नियमच आहे. नियम बरोबरच होता. सगळ्या सर्व्हरची दारं उघडणारं खातं, वापरणारा नाही, ते उघडं ठेवणं म्हणजे किल्ली दाराला लावून गावाला जाणं. मी बसले. खातं काढून टाकायची आज्ञा एका ओळीची असते, तिच्यापुढे माणसाचं नाव लिहायचं. सर्व्हरवर त्यांचं नावही 'मामा' असंच होतं. मी लिहिलं, आणि एक-एक अक्षर मागे खोडत आले. दोनदा तसंच झालं. मग मालकांना जाऊन सांगितलं, "झालं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझ्या मुठीत सगळ्या गिऱ्हाइकांच्या घरांच्या किल्ल्या होत्या. हे मला तेव्हाही समजत होतं. तरी मी खोटं बोलले.

जूनमध्ये भलतंच काही शोधताना मला ती नोंद दिसली. मी पहिल्यांदा दार लावून घेतलं, का ते विचारू नका. मग मामांची वही उघडली. ते गेल्यापासून त्या फायलीकडे कुणी फिरकलं नव्हतं, शिस्त त्यांच्याबरोबरच गेली होती. मला वाटलं होतं, शेवटची ओळ फेब्रुवारीची असेल.

ती त्या दिवशी सकाळची होती. मामा रोमन अक्षरांत लिहायचे, मी आपल्या लिपीत सांगते. "आलो. बघितलं. सरी आहे." त्याच्या वर कालची. "मेल तुंबली होती, सोडली. सरी आहे." वर परवाची. मी वर वर जात राहिले. मार्च, एप्रिल, मे. एकही दिवस सुटलेला नव्हता. तेराव्याच्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या घरी पानावर बसलो होतो, त्या दिवसाचीही ओळ होती. "आलो. बघितलं. सरी आहे."

तेवढ्यात शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला आणि मी चक्क किंचाळले.

आता धंद्यातला कुणी हे वाचत असेल तर विचारेल, बाई, नोंदीत पत्ता असतो की, कुठून आला त्याचा. असतो. मी बघितला. तो बाहेरचा नव्हता. आमच्याच खोलीतल्या एका मशीनचा होता, आणि आमच्या यादीत त्या पत्त्याचं मशीनच नव्हतं. मी त्याला साद घालून बघितली, उत्तर आलं नाही. तारा धरून शोधत गेले असते तर दोन तासांत छडा लागला असता. मी दुसऱ्याला हेच सांगितलं असतं, आणि नाही केलं म्हणून फैलावर घेतलं असतं. पण मी शोधलं नाही. मला भीती वाटत होती, आणि ती चोराची नव्हती. शोधायला जावं आणि तिथे मामा नसावेत, याची होती.

म्हणून मी रोज साडेअकराला वही उघडून वाचू लागले. लोक सकाळी पेपर वाचतात तसं. एकदा धीर करून त्यांच्या ओळीखाली मीही लिहिलं, "कोण आहे?" दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं. "आलो. बघितलं. सरी आहे." कुणी प्रश्न न ऐकता बोलावं, तसं. त्या दिवशी मी सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

जुलैत एका शिकवणीवाल्यांचा निकाल लागला आणि त्यांच्या साइटवर गावभरची पोरं तुटून पडली. मशीन धापा टाकत होतं. मी सकाळपासून खुर्चीतून उठले नव्हते, डबा बॅगेतच होता. दोनच्या पुढे कधीतरी सगळं जाग्यावर आलं. मामा असते तर म्हणाले असते, वहीत लिही. म्हणून मी वही उघडली. सकाळची ओळ होतीच. तिच्याखाली आणखी एक होती, सहा मिनिटांपूर्वीची.

"जेवलीस का"

मी खुर्ची मागे ढकलली आणि जिना उतरून खाली गेले. गेटपाशी कंपन्यांच्या बसेस उभ्या होत्या, ड्रायव्हर पान खात होते, भर दुपार होती. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले, कारण ती जिवंत माणसं होती. आणि खरं सांगायचं तर, भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. आई गेल्यापासून हा प्रश्न मला फक्त मामांनी विचारला होता. मी वर जाऊन डबा खाल्ला.

सप्टेंबरात मालकांनी सगळ्यांना बोलावलं. आमचं एक मोठं गिऱ्हाईक, एक हॉस्पिटल, सुरक्षेची तपासणी करून घेणार होतं. दसऱ्यानंतर बाहेरचे लोक येणार, प्रत्येक खातं कुणाचं, कोण कधी येतं, सगळं उघडून बघणार. तपासणीत नापास झालो तर हॉस्पिटल जाणार, आणि ते गेलं तर कंपनीचं कंबरडं मोडणार. मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "मामांचं तर तू तेव्हाच काढलंस."

मी म्हटलं, "हो."

त्यानंतर रोज सकाळी मी ठरवायची, आज काढते. रोज साडेअकराला वही वाचायची. मग म्हणायची, दसरा होऊ दे.

आमच्याकडे आयुधपूजा ऑफिसचीही असते. म्हैसुरात नवमीला बसपासून शिवणयंत्रापर्यंत प्रत्येक अवजाराला हार पडतो, आणि त्या दिवशी अवजाराने विसावा घ्यायचा, त्याला राबवायचं नाही. सर्व्हरने विसावा घेतला तर आमची चाळच बसेल. त्यावर मामांनी फार वर्षांपूर्वी तोड काढली होती. रॅकच्या तळाशी कंपनीचं सगळ्यात पहिलं मशीन होतं. त्याला सगळे अज्जा म्हणायचे, म्हणजे आजोबा. त्याच्यावर आता काही नाही, नुसता मान म्हणून ठेवलाय, असं सगळे धरून चालले होते. नवमीला सगळ्यांच्या वतीने अज्जाने झोपायचं आणि दशमीला उठायचं, असा रिवाज. एक झोपला की बाकीच्यांचं पुण्य झालं. झोपवायचं आणि उठवायचं काम मामांचं. दशमीला ऑफिस बंद असे, ते एकटे येऊन उठवून जात.

यंदा मालकांनी तो मान मला दिला.

दाराला केळीचे खुंट बांधले होते. कुंकू पंख्यात जाऊ नये म्हणून मामा मशीनवर आधी पारदर्शक पट्टी चिकटवायचे आणि मग तिच्यावर लावायचे, तसंच मी केलं. झेंडूचा हार घातला. सव्वादहाला मी अज्जाचं बटण दाबलं, पंखा मंदावत मंदावत थांबला, सगळ्यांनी हात जोडले. गेटवर कोहळा फोडला, चुरमुरे-फुटाण्यांची कडलेपुरी वाटली. मग सगळे आपापल्या गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवायला खाली गेले. मी तेवढ्यात सर्व्हरच्या खोलीत डोकावले. इतर मशीनं नेहमीसारखी घोंघावत होती. तरी खोली गप्प वाटली. घरातलं म्हातारं माणूस चार दिवस परगावी जातं ना, तसं वाटलं.

दशमीला सकाळी मी स्कूटरवरून गेले. सगळं गाव राजवाड्याकडे, हेब्बाळला कुत्रंही नव्हतं. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला. हाराला हात जोडून मी निघाले. या कामाला मामा अर्धा-पाऊण तास लावायचे. मला पाच मिनिटं लागली. वय झालं होतं त्यांचं, असं मनात म्हणत मी कुलूप लावलं. उंटावरची शहाणी.

सुट्ट्या संपवून ऑफिस उघडलं त्या दिवशी मी साडेअकराला वही उघडली. नवी ओळ नव्हती. शेवटची अष्टमीची होती.

पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही. आपण काहीच केलं नाही आणि आपोआप मिटलं. तपासणीवाले येतील, खातं निजलेलं असेल, त्याआधी मी हळूच काढून टाकेन. दुसऱ्या दिवशीही ओळ नव्हती. तिसऱ्या दिवशी मी सव्वाअकरापासूनच वही उघडून बसले आणि पावणेबारापर्यंत पडद्याकडे बघत राहिले. सुटल्यासारखं वाटणं संपलं होतं. माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटत होतं, आणि या वेळी रडायलाही सोय नव्हती.

चौथ्या दिवशी एका सर्व्हरवर मेल तुंबली. तीन गिऱ्हाइकांनी ओरडा केला. दुपारी दुसऱ्या सर्व्हरची डिस्क भरली, साइटी पांढऱ्या पडल्या. मी एक भोक बुजवावं तर दोन नवी पडायची. आठ महिने मी तोऱ्यात होते. मामांमागे सगळं एकटीने सांभाळते म्हणून मालकांनी शाबासकी दिली होती, मी ती घेतली होती. आणि आता कळत होतं की घर झाडत दुसरंच कुणी होतं, मी नुसती दारात उभी राहून मिरवत होते.

शेवटची ओळ अष्टमीची. नवमीला बंद. ते दोन दिवस मी मनात शेजारी शेजारी ठेवले तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मी उठले, स्टोअरमधून जुना मॉनिटर उचलून आणला आणि अज्जाला जोडला. त्याला कधी कुणी पडदा जोडलेला मी पाहिलाच नव्हता.

काळ्या पडद्यावर एकच ओळ होती. तो परवलीचा शब्द मागत होता, आणि पुढे ठिपका लुकलुकत होता. त्याची डिस्क कुलपात होती, बंद करून उठवलं की तो शब्द दिल्याशिवाय पुढे काही चालत नव्हतं. दशमीला मी बटण दाबून गेले तेव्हापासून आठवडाभर तो रात्रंदिवस तेवढंच विचारत बसला होता, आणि मी त्याच्या हाराला हात जोडून गेले होते. हार सुकून काळा पडला होता.

यादीत नसलेला पत्ता याचाच होता, मामांची फेरी इथून निघत होती. मीच ती थांबवली होती, सगळ्यांच्या साक्षीने, हात जोडून.

त्याच संध्याकाळी मी चामराजपुरमला मामींकडे गेले. मामी निवृत्त शिक्षिका, मोजकं बोलणाऱ्या. तेराव्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नव्हते, त्याची लाज घेऊनच दार वाजवलं. त्यांनी मला बघितलं, आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आठ दिवस झाले, निरोप नाही येत. काय केलंत गं तिथं तुम्ही?"

मी म्हटलं, "कुठला निरोप, मामी?"

त्यांनी फोन पुढे केला. मेल होत्या, एकाखाली एक, रोज सव्वाअकराच्या सुमाराच्या. सगळ्यांत तेच. "काफी झाली." फेब्रुवारीच्या आधीच्या होत्या, नंतरच्याही होत्या. मी बोट फिरवत राहिले, त्या संपेनात.

"मामी, तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलणार? यजमान गेले पण काफी पितात रोज, असं?" त्या हसल्या नाहीत. "मला ठाऊक होतं, मशीन पाठवतं ते. त्यांना घरातून निघताना चप्पल घालायची आठवण राहत नव्हती. रोज न चुकता निरोप? ते जन्मात जमणारं नव्हतं त्यांना. मशीनला कुणी सांगितलं पण? त्यांनीच की. अष्टे."

मग मी सगळं सांगितलं. खातं, खोटं, वही, अज्जा. तोंडात आलं तसं बोलत गेले, मध्ये रडलेही. मामींनी ऐकून घेतलं. उठून देवघरातल्या फळीवरून एक तबक आणलं. त्यात सुकलेली शमीची पानं होती, इथे त्यांना बन्नी म्हणतात, आणि पानांखाली घडी घातलेला कागद.

"दर दशमीला सकाळी ते हे देवापासून घेऊन जात होते, माझ्या हातानं. पान आणि कागद. संध्याकाळी परत आणून ठेवत होते. काय आहे मी विचारलं नाही. यंदाही मी काढून ठेवलं. नऊपर्यंत वाट बघितली. कुणी आलं नाही."

दशमीला नऊ वाजता मी त्यांच्या घरापासून चार गल्ल्यांवरून स्कूटरने गेले होते.

मी कागद घेतला. निघताना मामी म्हणाल्या, "नवमीचा तेवढा त्यांच्या हातचा असायचा. त्या दिवशी मशीनला विसावा ना. म्हणून स्वतः पाठवत होते, उशिरा, जेवणं झाल्यावर. यंदाही आला. अडीचला."

मी म्हटलं, "नवमीला?"

त्यांनी ती मेल काढून दाखवली. नवमी, दुपारी अडीच. "काफी झाली." सव्वादहाला मी बटण दाबलं होतं, पंखा थांबताना सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मेल कधी कधी वाटेत अडकते, मामी. उशिरा पोचते," मी म्हटलं. गिऱ्हाइकांना हे मी रोज सांगते आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. ती कुठून निघाली, कुठे अडकली, हे त्या मेलच्याच पोटात लिहिलेलं असतं. फोन माझ्या हातात होता. उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी फोन त्यांना परत दिला. आमच्या सर्व्हरच्या नोंदी सात दिवसच राहतात, आणि तो आठवा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद समोर ठेवून मी अज्जाला परवलीचा शब्द दिला. काय होता ते सांगणार नाही, तो सांगायचा नसतो. अज्जा उठला. अकरा सोळाला मामा आले, तीन मिनिटं थांबले, तुंबलेलं सोडलं, भरलेलं रिकामं केलं, वहीत लिहिलं. "आलो. बघितलं. सरी आहे." मग मी त्यांचा प्रोग्रॅम उघडला. फेरीला निघण्याआधी मनाला येईल तितकी मिनिटं थांबायचं, हे त्यात होतं, म्हणजे कुणाला मशीनचा संशय यायला नको आणि काफी निवांत प्यायला मिळावी. पुढे काफीची मेल होती. आणि शेवटी एक तुकडा होता, चार ओळींचा. मशीनवर ताण फार असेल, दोन वाजून गेले असतील आणि माझं खातं सकाळपासून एकदाही बाहेर पडलं नसेल, तर वहीत लिही. काय लिही ते मला ठाऊक होतं.

मी तो तुकडा तीनदा वाचला. मग उठून मालकांकडे गेले आणि सांगितलं की मामांचं खातं मी काढलेलंच नाही. मालक कन्नडमध्ये जे बोलले ते सगळं रास्त होतं. महिनाभर सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्याकडून काढून घेतली, पण आधी म्हणाले, माझ्यासमोर काढ. मी बसले, ते मागे उभे राहिले. मी नाव लिहिलं. या वेळी खोडलं नाही. लोकांना वाटतं, असं काही पुसताना मशीन एकदा विचारतं, खात्री आहे ना म्हणून. हे मशीन विचारत नाही. बटण दाबलं आणि पुढची ओळ रिकामी आली.

फेरीची कामं मी माझ्या नावाने नव्या मशीनवर लावली. अज्जाला बंद केलं, कायमचं. तपासणीत आम्ही पास झालो.

मामींना फोन करून म्हटलं, निरोप दुसऱ्या मशीनला लावून देते, उद्यापासून येईल.

"बेड," त्या म्हणाल्या. नको. "शेवटचा हातानं आला. त्याच्यानंतर मशीनचा कशाला?"

"मग मी पाठवू? हातानं?"

"तुला जमेल तेव्हा," म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सव्वाअकराला मी मामींना लिहिते, "काफी झाली." मी कऱ्हाडची, चहावाली. पण पुन्हा खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून थर्मासात काफी नेऊ लागले. आता तीच लागते.

परवा एक सर्व्हर सकाळीच बसला. फोनवर फोन, गिऱ्हाइकांचा ओरडा, मी निरोप विसरले, काफी विसरले. दोन वाजून गेल्यावर मशीन सावरलं आणि सवयीने माझा हात वहीकडे गेला. तिथे माझीच कालची ओळ होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला.

मामींचा निरोप होता. इंग्रजी अक्षरांत, पुढे प्रश्नचिन्ह न देता.

"जेवलीस का"

मी बॅगेतून डबा काढला.